वजनखोलीतला खिळा

बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या तीन रांगांना खुर्च्या मिळाल्या होत्या, बाकीचे भिंतींना टेकून, ओंडक्यांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना लांबवून उभे होते. वरचा पत्रा तापला होता. मधोमध लाकडी चौथऱ्यावर अंगठीवाले बाबा बसले होते आणि त्यांच्यासमोर एक बाई उजवा हात पुढे करून, मान खाली घालून उभी होती. तिच्या बोटातली अंगठी काळी ठिक्कर पडली होती.

"पंधरा दिवसांपूर्वी ही अंगठी कशी होती?" बाबांनी विचारलं.

"पांढरी शुभ्र," लोक म्हणाले.

"मी हात लावला तिला?"

"नाही बाबा."

"मग काळी कोणी केली?"

सगळ्यांनी त्या बाईकडे पाहिलं. तिचा नवरा बसचालक होता. तो चौथऱ्याच्या कडेला उभा राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"माणूस बोलतो म्हणून खोटं बोलतो," बाबा सांगू लागले. "धातूला तोंडच नाही. ही सात धातूंची अंगठी आहे. तांबं, पितळ, कांसं, चांदी, सोनं, पारा आणि सातवा धातू असा, की ज्याला अजून नाव पडलेलं नाही. जी बाई नवऱ्याशी एकनिष्ठ, तिच्या बोटात ही दुधासारखी पांढरी राहते. जिचं मन उंबऱ्याबाहेर गेलं, तिच्या बोटात ही काजळते. पुरुषांनी मागू नये. पुरुषाचं रक्त उष्ण, त्याच्या बोटात हा धातू टिकत नाही."

मागच्या भिंतीशी उभे असलेले मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. ते तंत्रशाळेत धातुकाम शिकवत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. म्हणजे या गृहस्थानं एकटं तांबंच तीनदा मोजलं होतं. बिननावाचा सातवा धातू बहुतेक थापांच्या खाणीतून निघत असावा, असं त्यांना वाटलं, आणि हे उद्या शिक्षकांच्या खोलीत सांगायचं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग शुद्धी झाली. वाफाळत्या पाण्याचं मोठं पितळी पातेलं पुढे आलं. बाबांनी मंत्र पुटपुटत त्यात दोन मुठी पांढरी पूड टाकली, पाणी फसफसलं. काळी अंगठी दोऱ्याला बांधून आत सोडली गेली. थोड्या वेळानं वाफेबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास पुढच्या रांगांपर्यंत पोचला.

"नाकं दाबू नका," बाबा म्हणाले. "पापाचा वास आहे. निघू द्या."

दोरा वर ओढला तर अंगठी लख्ख. लोकांनी हात जोडले. बसचालकानं बाबांचे पाय धरले. मास्तरांचं लक्ष मात्र त्या बाईच्या चेहऱ्याकडे होतं. अंगठी उजळली, पण चेहऱ्यावर काही उजळलं नाही. त्याच आठवड्यात तिला माहेरी पाठवून दिल्याचं पुढे कळलं.

मास्तर तिथे वहिनींबरोबर आले होते. मोठे भाऊ आणि वहिनी खालच्या मजल्यावर, मास्तर आणि त्यांची बायको वरच्या. नळ एक, मोरी एक. बाबा गावात आल्यापासून वहिनी पहिल्या रांगेतली खुर्ची सोडत नव्हत्या. त्यांची अंगठी पांढरी होती आणि ती लोकांना दिसावी म्हणून त्या अलीकडे बोलताना हात फार हलवत.

"भावजी, एक घेऊन चला की," बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या.

"कशाला? ते पितळ आहे, वर चांदीचा मुलामा."

"मग भ्यायचं कारण काय? पितळ तर पितळ." वहिनींनी हात हलवला. "तुमची बायको आमच्यासारखी घरात बसणारी थोडीच आहे. तिला तर आधी हवी."

एरवी मास्तरांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण गेले सहा महिने त्यांच्या पोटात एक कळ होती आणि तिचं नाव होतं सुपरवायझर.

बायको रबराच्या कारखान्यात वजनखोलीत होती. रबरात मिसळायच्या पुडी मापून द्यायचं काम. नव्या सुपरवायझरनं तिला त्या खोलीची प्रमुख केलं, आणि तेव्हापासून जेवताना तिच्या बोलण्यात तो येऊ लागला. सुपरवायझर म्हणतात, तुमचं गणित पक्कं आहे. सुपरवायझरनी आज कसली नक्कल केली, आम्ही हसून हसून बेजार. मास्तर घास चावत ऐकत. एका जेवणात तो किती वेळा आला हे ते मोजत. एकदा तर नऊ वेळा आला होता, आणि दहाव्यांदा येणार एवढ्यात मास्तर ताटावरून उठले. मग एका संध्याकाळी, बस चुकली म्हणून, ती त्याच्या मोटरसायकलवरून घरी आली. गल्लीच्या तोंडाशी उतरताना ती हसत होती. तसं हसताना मास्तरांनी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी अंगठी घेतली. सुट्टीच्या रिकाम्या शाळेत जाऊन कार्यशाळेचं दार लावलं आणि अंगठीच्या आतल्या कडेवर कानस फिरवली. चांदीच्या पातळ थराखाली पिवळं धमक पितळ दिसलं. म्हणजे बाबा खोटारडा, हे सिद्ध झालं. तरीही संध्याकाळी मास्तरांनी ती अंगठी बायकोच्या हातावर ठेवली.

"ही कशासाठी?"

"असंच. दिसली, आवडली."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मास्तरांनी तिला असंच म्हणून काही आणलं नव्हतं. तिनं अंगठी लगेच बोटात घातली, हात उजेडात धरला, आणि त्या दिवशी जेवताना सुपरवायझर एकदाही आला नाही. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. पण अंगठी काढून घ्यावी एवढी नाही.

चौथ्या दिवशी अंगठी कडेनं तांबूस झाली. आठव्या दिवशी काळी पडली.

मास्तर स्वतःला शास्त्राचा माणूस समजत, आणि माणूस मत्सरानं पेटला की त्याचं शास्त्रही त्याच कामाला लागतं. त्यांनी हिशेब मांडला. तीच अंगठी वहिनींच्या बोटात आहे. घर एक, पाणी एक, साबण एक, भांड्यांची राख एक. वहिनींची पांढरी, हिची काळी. म्हणजे फरक धातूत नाही, बोटांत आहे. दोघींमधला आणखी एक फरक, की एक दिवसभर घरात असते आणि दुसरी दिवसभर वजनखोलीत, तो त्यांना दिसला. पण त्यातून त्यांना फक्त सुपरवायझरच दिसला.

त्या आठवड्यात गुरुवारी वर्गात गंजाचा धडा होता. मास्तर फळ्यावर लिहीत गेले. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाली की तांबडा गंज चढतो, तो पापुद्र्यानं सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. अ‍ॅल्युमिनियमवरही थर येतो, पण तो घट्ट असतो, आतल्या धातूला राखतो. तांब्यावर हिरवट कळा येते. पोलादात क्रोमियम मिसळलं की ते सहसा गंजत नाही. पत्र्याला जस्त लावतात, म्हणजे आधी जस्त झिजतं आणि पत्रा वाचतो. पुढचा शब्द त्यांनी लिहिला, 'चांदी', आणि खडू तिथेच थांबला. त्यांना एकदम मोटरसायकल दिसली.

"चांदीचं काय, सर?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"पुस्तकात आहे. वाचून घ्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला.

घरी ते बोलेनासे झाले. बायकोनं दोनदा विचारलं, बरं नाही का. त्यांनी दोनदा काही नाही म्हणून सांगितलं. अंगठी काळी पडली म्हणून तिनं ती राखेनं घासली, पुन्हा घातली, ती पुन्हा काळी पडली. वखारीत कधी न गेलेली ती ही साधीच अंगठी समजत होती; तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाटलं ते वहिनींना. मोरीवर त्यांनी तिचा हात पाहिला आणि दुपारपर्यंत गल्लीला कळलं. मंगळवारी वहिनी जिना चढून वर आल्या.

"भावजी, रविवारी हिला घेऊन या. बाबा शुद्धी करतील. घरातली गोष्ट घरात निस्तरलेली बरी."

बायको भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. "कसली शुद्धी?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. सांगायचं काम वहिनींनी केलं, आणि हात हलवत हलवत केलं.

सगळं ऐकून झाल्यावर बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे ही तुम्ही आवडली म्हणून आणली नव्हतीत."

मास्तरांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"आणि तुम्हाला ते खरं वाटतं?"

"अंगठी काळी पडली," मास्तर म्हणाले.

ती रडली नाही. मग अंगठी काढून तिनं फळीवर ठेवली आणि वहिनींकडे वळली. "येईन मी रविवारी. पण वहिनी, तेवढे दिवस तुमची अंगठी मला द्या. तुम्ही इतक्या निर्मळ आहात, तुमच्या अंगठीला काय होणार आहे?"

वहिनींना नाही म्हणता येईना. नाही म्हणावं तर शंका आपल्यावरच येणार. त्यांनी अंगठी काढून दिली.

रविवारी वखार आणखी भरली. रबराच्या कारखान्यातल्या बायकाही आल्या होत्या, एका कोपऱ्यात घोळका करून. गेल्या दोन महिन्यांत अंगठी काळी पडून ज्यांची शोभा झाली होती, त्यांतल्या बऱ्याचजणी त्याच घोळक्यात होत्या. मास्तरांच्या ते प्रथमच लक्षात आलं, पण त्यावर विचार करण्याइतकं त्यांचं मन जागेवर नव्हतं. घोळक्याच्या मागे सुपरवायझर उभा होता. मास्तरांनी त्याला पाहिलं आणि बाकी सगळं दिसेनासं झालं.

नाव पुकारताच बायको स्वतःहून चौथऱ्यावर चढली. तिचा हात मोकळा होता. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि काळी कुळकुळीत अंगठी बाबांसमोर धरली.

"बाबा, ही अंगठी जिची, ती बाई कशी आहे ते आधी सांगा. मोघम नको, नीट सांगा."

बाबांनी अंगठी चिमटीत धरली, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या.

"इतकी काळी मी आजवर पाहिली नाही," ते हळूहळू म्हणाले. "हिच्यावर एका नाही, दोन पुरुषांची सावली आहे. वरून सोज्वळ. बोलणं गोड. नवरा बिचारा भोळा. पण ही बाई वर्षानुवर्षं घरात राहून घराला फसवते आहे."

"नक्की?"

"धातू सांगतो आहे, मुली. मी कोण?"

"वहिनी," बायको पहिल्या रांगेकडे वळून म्हणाली, "ही तुमची आहे."

वहिनी अर्धवट उठल्या आणि तशाच खाली बसल्या. मोठे भाऊ त्यांच्याकडे पाहू लागले. ते आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. "तुझी?" एवढंच ते म्हणाले, पण वखारभर ऐकू गेलं.

"मोठे भाऊजी, तिकडे बघू नका, इकडे बघा," बायको म्हणाली. "वहिनींचा यात काही दोष नाही. मंगळवारी त्यांनी मला ही दिली तेव्हा ती पांढरी होती. मी बोटात घातलीच नाही. वजनखोलीत गंधकाच्या पिंपावर एक खिळा आहे, त्याला चार दिवस टांगून ठेवली. पलीकडेच रबर दाबायची गरम प्रेस आहे, तिची वाफ तिथे येते. आमच्याकडच्या जुन्या बायकांना विचारा, त्या कारखान्यात चांदी घालून येत नाहीत, आली की काळी पडते. मला ठाऊक नव्हतं, कारण माझ्याकडे चांदी कधी नव्हतीच." ती बाबांकडे वळली. "आता त्या खिळ्याचं बाहेर कुणाशी आहे, तेवढं धातूला विचारून सांगा."

कोपऱ्यातल्या घोळक्यात आधी एक बाई हसली, मग सगळ्याजणी.

बाबा मुरलेले होते. त्यांनी हात वर केला. "ज्या बाईनं ही अंगठी नेली, तिचं पाप हिला चिकटलं. खिळ्याला टांगा नाहीतर झाडाला. आणि काळेपणा जर नुसता गंधकाचा असेल, तर माझ्या मंत्रानं तो जातो कसा? इथे शिकलेली माणसं आहेत. धातूचे मास्तर बसले आहेत. त्यांनी सांगावं."

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. बाबांना वहिनींकडून घरातलं बरंच काही कळत असणार. या माणसाच्या पोटात काय जळतंय हेही कळलं असणार. त्याच भरवशावर त्यांनी नाव घेतलं होतं.

मास्तर उठले. गंधक हा शब्द कानावर पडला तेव्हाच त्या गुरुवारचा पुसलेला फळा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. सुपरवायझर कोपऱ्यात होता. त्याच्यादेखत आपण मूर्ख ठरणार, हा विचार त्यांना चौथऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पावलावर टोचत राहिला. पण ते चालत गेले.

पातेलं पूड टाकून शुद्धीसाठी तयारच होतं. मास्तरांनी चिमटा घेतला, पाण्यात घातला, तळाशी चाचपला आणि एक पातळ, पांढुरका पत्रा बाहेर काढला.

"पातेलं पितळेचं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता, आणि त्याचा त्यांना आधार वाटला. "हा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. पाण्यात मीठ आहे आणि खाण्याचा सोडा. चांदी काळी पडते म्हणजे तिला गंधक चिकटतो. गंधक हवेतून येतो, अंड्यातून येतो, रबरातून येतो. गरम सोड्याच्या पाण्यात चांदी अ‍ॅल्युमिनियमला टेकली, की अ‍ॅल्युमिनियम तिचा गंधक सोडवतं आणि चांदी पुन्हा उजळते. सुटलेला गंधक वाफेतून वास मारतो. तो पापाचा वास नाही. घरी करून बघा, मंत्र न म्हणता."

त्यांनी पत्रा बाजूला ठेवला आणि पाण्यात वहिनींची काळी अंगठी तेवढी सोडली. बराच वेळ झाला, ती काळीच राहिली. बाबांनी मंत्र म्हणून पाहावा, असं मास्तरांनी सुचवलं. बाबा चौथऱ्यावर मागे सरकले. मग मास्तरांनी पत्रा परत आत सरकवला, अंगठी त्यावर टेकवली, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी वाकून ती उजळताना पाहिली.

"आणि या गावात अंगठ्या काळ्या कोणाच्या पडल्या, ते आठवा," मास्तर म्हणाले. "सगळ्या कारखान्यातल्या, बसचालकाच्या बायकोसकट. घरी बसणाऱ्या एकीचीही नाही. ज्या गावात रबराचा कारखाना आहे आणि त्यात बायका कामाला जातात, असंच गाव यांनी निवडलं. बाहेर जाणाऱ्या बाईबद्दल वाईट ऐकायला आपण आधीच कान टवकारून बसलो होतो. यांना फक्त अंगठी द्यायची होती. कुठल्याही धातूला कुणाचं मन कळत नाही. त्याला हवा कळते, पाणी कळतं, गंधक कळतो. माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं तर माणसालाच विचारावं लागतं, आणि कोणी चमत्कार दाखवला तर भांड्याचा तळ बघावा लागतो."

बसचालक पुढे आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मास्तर, तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही मागे उभे होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला. तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?"

मास्तरांनी मान हलवली. "दरवर्षी शिकवतो."

"मग बोलला का नाहीत? मी तिला घालवून दिलं."

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "आधी हसण्यावारी नेलं," ते म्हणाले. "आणि मग माझ्याच बायकोबद्दल मला ते खरं मानायचंच होतं. अंगठी खोटी आहे हे मी कानशीनं घासून पाहिलं, तरी तिचा काळा रंग मी खरा धरला. तुम्ही फसलात, मी मात्र माहीत असून फसलो. तुमच्या बाईंना आणायला मीही येतो."

बसचालकानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "मी एकटाच जाईन," तो म्हणाला आणि निघून गेला.

बाबांना गाशा गुंडाळायची घाई झाली होती, पण कारखान्यातल्या बायकांनी दार अडवलं होतं. पोलीस येईपर्यंत त्यांनी बाबांना चौथऱ्यावरच बसवून ठेवलं, आणि कुणाला माहेरी पाठवल्याबद्दल, कुणाला काम सोडायला लावल्याबद्दल, कुणाला मार बसल्याबद्दल एकेकीनं समोर उभं राहून सांगितलं. वहिनी त्या गर्दीतून कधी निघून गेल्या ते कळलं नाही. सुपरवायझर जाताना मास्तरांना "छान समजावलंत" म्हणाला. मास्तरांना त्याचा आवाजही आवडला नाही.

दोघं चालतच घरी निघाली.

"माफ कर, म्हणण्याला काही अर्थ नाही," मास्तर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "सहा महिने तुमच्या पोटात होतं. मी रोज समोर बसून जेवत होते. मला तोंड आहे. तुम्ही पितळेला विचारलंत, मला नाही."

मास्तर थांबले. रस्त्यावर वर्दळ होती, पण आता टाळलं तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्यांना कळत होतं. "मग आता विचारतो. तुझं त्याच्याशी काही आहे का?"

"तो मला आवडतो," ती म्हणाली. "मी काही सांगितलं की ऐकतो. माझं काम चांगलं झालं की चांगलं म्हणतो. त्यापलीकडे काही नाही, आणि मला काही नकोही आहे. जेवताना मी तुम्हाला त्याचं सांगायचे, कारण दिवसभरात माझं कौतुक तेवढंच झालेलं असायचं."

मास्तरांच्या पोटात तीच कळ उठली. बाबा गेला, अंगठीचं गूढ उकललं, पण ती कळ जागच्या जागी होती.

"आता हे खरं की खोटं, हे कशावर घासून बघाल?" तिनं विचारलं.

"कशावरच नाही," मास्तर म्हणाले. "तू सांगितलंस, ते धरून चालेन."

"आणि उद्या पुन्हा मनात आलं तर?"

"तर उद्या पुन्हा विचारीन."

ती चालू लागली. चार पावलं पुढे गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "विचारा. दर वेळी शांतपणे सांगेन असं नाही. पण विचारा."